पेढ्याचं वर्ष, फुटाण्यांचं वर्ष

आमच्या संभाजीनगरात आजवर जेवढे कारखाने आले, ते सगळे माझ्या थोरल्या साडूंनी आणले. हे अर्थात त्यांचं मत. सुरुवातीला मी ते हसण्यावारी नेत असे. पण इतकी वर्षं त्यांच्या स्कूटरच्या मागच्या सीटवर बसून वाळूजच्या औद्योगिक वसाहतीच्या धुळीत हिंडल्यावर आता मलाही ते ठामपणे खोडून काढता येत नाही. एखाद्या रिकाम्या प्लॉटभोवती नवं तारेचं कुंपण दिसलं, की ते स्कूटर थांबवतात, हेल्मेट काढतात आणि लग्नघरी वऱ्हाड उतरल्यासारख्या प्रसन्न चेहऱ्याने म्हणतात, "लागली बघा!" गाडी फलाटाला लागावी तशी कंपनी गावाला लागते, अशी त्यांची समजूत आहे. त्याला कारणही तसंच आहे. आमचे साडू, म्हणजे आमचे दादा, मूळचे कन्नड तालुक्यातले. घरी शेती, पण यांचा जीव लहानपणापासून चाकांत. एसटीत चिकटले ते कंट्रोलर होऊनच निवृत्त झाले. आयुष्यभर लाउडस्पीकरवरून गाड्या लागल्याचं सांगून सांगून त्यांचा आवाज असा झाला आहे, की उस्मानपुऱ्यातल्या घराच्या स्वयंपाकघरात त्यांनी अक्कांकडे, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीकडे, चहा मागितला तर शेजारच्या तीन घरांतल्या प्रवाशांनी नोंद घ्यावी.

कंट्रोलर म्हणून त्यांची ख्याती एका गोष्टीसाठी होती. गाडी रद्द झाल्याचं त्यांनी कधी सांगितलं नाही. एकदा चाळीसगावची गाडी घाटात बिघडून बसली. दुसरा कोणी असता तर 'गाडी रद्द' म्हणून मोकळा झाला असता. दादा दर थोड्या वेळाने माइक हातात घेत आणि भारदस्त आवाजात सांगत, "गाडी मार्गावर आहे. प्रवाशांनी स्थानक सोडू नये." प्रवासी चिडले, दमले, मग एकमेकांचे डबे खाऊ लागले, मग एकमेकांची गावं विचारू लागले. उन्हं कलता कलता कुठूनशी एक रिकामी गाडी आली, ती दादांनी तिकडे वळवली आणि सगळे गेले. मी त्यांना विचारलं होतं, "पण दादा, खोटं कशाला सांगायचं?" ते माझ्याकडे दयेने पाहत म्हणाले, "पाव्हणं, रद्द म्हटलं की मान्सं घरी जातेत. मग गाडी आली तरी रिकामीच जाती. लेट म्हणावं. लेट म्हणण्यात लई ताकद हाय." निवृत्तीनंतर हाच नियम त्यांनी अख्ख्या शहराला लावला. आमच्याकडे यायची म्हणून गाजलेली एखादी कंपनी दुसऱ्याच राज्यात गेली, की सगळा कट्टा हळहळतो, दादा मात्र वर्तमानपत्राची घडी घालत शांतपणे सांगतात, "लेट हाय."

कंपन्या आपण होऊन येत नसतील तर त्यांना आणायला जायला हवं, म्हणून दादा रस्त्यावर नजर ठेवून असतात. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट, हातात बॅग आणि चेहऱ्यावर जरासा गोंधळ, एवढं एखाद्या परक्या माणसाच्या अंगी दिसलं की तो उद्योगपती ठरतो. एकदा मी बरोबर असताना उस्मानपुऱ्याच्या चौकात असाच एक तरुण त्यांना सापडला. दादांनी त्याला चहा पाजला, इमरती खाऊ घातली आणि आधी घरी आणलं, कारण तो नळाला पाणी यायचा दिवस होता. बाहेरचा माणूस या गावात आला की पहिल्यांदा पाण्याचं विचारतो, हे दादांना पक्कं ठाऊक आहे. म्हणून पाव्हणा बैठकीत बसला की ते मोरीतला नळ पूर्ण सोडून येतात आणि बोलताना मध्येच थांबतात, म्हणजे पाण्याचा आवाज नीट ऐकू यावा. आतून अक्का ओरडतात, "अहो, टाकी वाहायली!" त्यावर दादा पाव्हण्याकडे वळून अभिमानाने म्हणतात, "बघा. वाहायली." नंतर त्यांनी त्या तरुणाला आपल्या स्कूटरवर आणि मला माझ्या मोटरसायकलवर घालून वाळूजला नेलं आणि ओळीने रिकामे प्लॉट दाखवले. तरुण अदबीने सगळं बघत होता, शिक्षण, पगार, घरची माणसं, जे विचारलं त्याची उत्तरं देत होता. ऊन चढल्यावर त्याने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "काका, मुलगी कधी दाखवणार?" तो पुण्याहून मुलगी पाहायला आला होता. चौकात न्यायला कोणीतरी येईल असा मुलीकडचा निरोप होता, आणि दादा त्याला मुलीकडचेच वाटले होते. ती सगळी जमीनही त्याला मुलीच्या वडिलांचीच वाटत होती. शेवटी आम्ही त्याला योग्य घरी पोचवलं तेव्हा तिथले पोहे गार झाले होते. लग्न मात्र जमलं. तो मुलगा आज वाळूजलाच नोकरी करतो. "कंपनी नाय आली, पण कंपनीला माणूस तर आणला की," असं म्हणून दादांनी तेही आपल्या खात्यावर जमा केलं आहे. मला मात्र त्या मुलीच्या वडिलांचा घामेजलेला चेहरा अजून आठवतो आणि वाटतं, मी चौकातच त्याला एक प्रश्न विचारायला हवा होता.

असं मला नेहमीच वाटतं. मला अपराधी वाटायला फार मोठं कारण लागत नाही. सिग्नल लाल झाला तर मागच्या गाड्या माझ्यामुळे अडल्या असं वाटतं, आणि हिरवा झाला तर मी निघायला उशीर केला असं वाटतं. दादांचा स्वभाव याच्या अगदी उलट. त्यांना कशाचाच संकोच नाही, आणि भवानीच्या बाबतीत तर मुळीच नाही. नव्या दुकानाची पहिली भवानी आपल्या हातची झाली की ते दुकान चालतं, अशी त्यांची श्रद्धा आहे. त्यामुळे कुठे नारळ फुटल्याचा आवाज आला की दादा पायांत चपला सरकवून निघतात. कुत्र्या-मांजरांच्या सामानाचं दुकान उघडलं, त्यांनी गळ्यातला पट्टा आणि खाण्याचं भांडं आणलं. घरात कुत्रा नाही. त्या भांड्यात अक्का कपड्यांचे चिमटे ठेवतात. व्यायामशाळा उघडली, त्यांनी वर्षाचं नाव घातलं आणि पहिल्याच दिवशी तिथल्या आरशापुढे उभं राहून भांग पाडून आले. कहर झाला तो आमच्या गल्लीत एका मुलीने ब्यूटी पार्लर काढलं तेव्हा. दादा आत जाऊन खुर्चीत बसले. ती बिचारी म्हणाली, "काका, फक्त लेडीज आहे." दादा म्हणाले, "दुकान लेडीज असंल बाई, भवानी लेडीज असावी असं कुठं लिवलंय? कर काय करायचं ते." तिने घाबरत घाबरत त्यांच्या भुवया कोरल्या. पुढे कितीतरी दिवस दादा सतत कशाचं तरी आश्चर्य वाटल्यासारखे दिसत होते. अक्का येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "कंपन्यांची वाट बघून बघून डोळे असे झाले." पण त्या मुलीचं पार्लर चाललं. आज तिथे दोन खुर्च्या आहेत.

माझीही पहिली भवानी त्यांचीच. मी एका कारखान्यात बरीच वर्षं काढली, मग स्वेच्छानिवृत्ती घेऊन वाळूजला भाड्याच्या गाळ्यात रबराचा एक प्रेस टाकला. गाडीच्या पत्र्याला पडलेल्या भोकातून वायरी जातात, त्या कापल्या जाऊ नयेत म्हणून भोकाला जी रबरी कडी बसवतात, ती मी बनवत होतो. नारळ फुटला आणि दादा पुढे झाले. "मला काठीच्या टोकाला बसवायचं रबर पायजे." मी म्हटलं, "दादा, तुम्ही काठी कुठे वापरता?" ते म्हणाले, "कधी ना कधी लागंलच की. तवा तुमी बिझी असाल." एवढ्यासाठी मला वेगळा साचा करून घ्यावा लागला. पहिलं रबर निघालं ते त्यांनी गरम असतानाच रुमालात गुंडाळून खिशात घातलं. त्या क्षणी मला आपण खरोखरच कारखानदार झालो असं वाटलं, आणि लगेच, साहजिकच, एका वडीलधाऱ्या माणसाला आपण त्याच्या म्हातारपणाची वस्तू विकली म्हणून वाईटही वाटलं.

दादांचा वार्षिक अहवाल मात्र ठरतो तो खंडेनवमीला. त्या दिवशी वाळूजच्या गाळ्यांतली यंत्रं धुऊनपुसून चकचकीत केलेली असतात, लेथला झेंडूची माळ असते, ड्रिल मशीनला हळदीकुंकू लागलेलं असतं, आणि शिफ्टच्या बस रिकाम्या उभ्या असतात. दादा पांढराशुभ्र सदरा घालून आमच्या ओळीतल्या एकेका गाळ्यात जातात, यंत्राला नमस्कार करतात आणि प्रसादासाठी हात पुढे करतात. सरकारने काहीही छापावं, दादांचा अंदाज त्या प्रसादावर चालतो. हातावर पेढा पडला तर वर्ष चांगलं, बुंदी पडली तर ठीक, आणि फुटाणे-साखर पडली तर माणूस अडचणीत आहे. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला संध्याकाळी आपट्याची पानं द्यायला आलेल्या सगळ्यांपुढे ते फाटकाशी उभे राहून जाहीर करतात, "शहराची गाडी वेळेवर आहे. यंदा पेढ्याचं वर्ष." ते ऐकून लोक हसतात, पण मी पाहिलं आहे, हसता हसता जरा ताठही होतात.

गेल्या वर्षी माझ्या गाळ्यात फुटाण्यांचीही ऐपत नव्हती. गाडीचं मॉडेल बदललं आणि माझी कडी लागेनाशी झाली. प्रेस कित्येक महिने गार पडून होता. माझ्याकडच्या दोघा कामगारांना मी कधी झाडलोट, कधी रंगकाम सांगत होतो, आणि ते माझ्याकडे बघायचं टाळत होते. जालन्याचा एक माणूस प्रेस बघून गेला होता. दसरा झाला की टेम्पो घेऊन येणार होता. हे फक्त माझ्या बायकोला माहीत होतं. ती म्हणाली, "दाजींना सांगून टाका एकदा." मला ते जमलं नाही. दादा त्या वर्षी पहिल्यांदाच काठी टेकत आले. स्कूटर मी चालवत होतो आणि ते मागे बसले होते, हा बदल आम्ही दोघांनीही एकमेकांच्या लक्षात आणून दिला नाही. काठीच्या टोकाला माझंच रबर होतं. त्यांनी गार प्रेसला हात जोडले आणि तळहात पुढे केला. मी त्यावर पेढा ठेवला. मी पेढे आणले होते, चांगले केशराचे. दादांनी तो डोळे मिटून खाल्ला आणि म्हणाले, "वा! पेढ्याचं वर्ष." मग काठी टेकत पुढच्या गाळ्याकडे गेले.

मला तिथे उभं राहवेना. मी अलीकडच्या बाजूच्या रशीदभाईंच्या गाळ्यात गेलो. रशीदभाईंचे तीन लेथ आहेत; त्यांचे कामगार खंडेनवमीची पूजा मांडतात आणि प्रसाद रशीदभाई स्वतः आणतात. मी त्यांना म्हटलं, "रशीदभाई, आज मी दादांना फसवलं. माझा प्रेस चालत नाही, आणि मी पेढे वाटतोय." रशीदभाईंनी आधी दार लोटून घेतलं आणि मग पोट धरून हसले. "तुम अकेलेच हुशार समझे क्या भाई? मैं तो कब का येइच कर रहा. पूरी लाइन करती! तुम आने के पहले एक साल सबने फुटाने दिये थे. दादा का मुंह ऐसा उतरा, ऐसा उतरा, मेरेकू रात का खाना नै गया. तब से अपन सब ने ठैराया, धंदा कैसा बी रहो, दादा कू पेढाच देने का. एकच दुकान से सबका पार्सल आता." म्हणजे इतकी वर्षं शहराची जी प्रगती दादा दसऱ्याला जाहीर करत होते, ती आमच्या ओळीने वर्गणी काढून केलेली होती.

बाहेर आलो तर दादा कडुलिंबाच्या सावलीत एका उलट्या ड्रमवर बसले होते. माझ्या पोटात काही राहत नाही. मी त्यांच्यासमोर उभा राहून सगळं सांगून टाकलं; गार प्रेस, जालन्याचा माणूस, टेम्पो, माझे पेढे. रशीदभाईंचं नाव घ्यायचं नाही असं ठरवलं होतं, तेही घेतलं. माझं संपेपर्यंत दादा काठीच्या टोकाने मातीत रेघा ओढत होते.

"झालं बोलून?" ते म्हणाले. "पेढा लई चांगला होता."

"दादा, तुम्हाला राग नाही आला?"

"कशाचा? अख्ख्या ओळीचा पेढा एका चवीचा, एका आकाराचा, आन् मला कळायचं नाय व्हय? मी कंट्रोलर होतो पाव्हणं, इतका भोळा असतो तर लोकांनी गाड्याच पळवून नेल्या असत्या."

"मग तुम्ही दरवर्षी पेढ्याचं वर्ष म्हणून सांगता ते?"

दादांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "हे बघा, ज्याला उद्या टाळं लावायचं असतं ना, तो पेढे आणत नाय. तो फुटाणे बी आणत नाय. तो त्या दिवशी दारच उघडत नाय. धंदा नसताना जो पदरचे पेढे घेऊन दारात उभा ऱ्हातो, त्याच्या मनात अजून जायचं नसतंय. मी तेवढंच बघतो. तुमची गाडी लेट हाय. रद्द नाय." मग त्यांनी काठी उचलून माझ्या नाकासमोर धरली. "आन् हे बघा. रबर झिजलं. परवा मोरीत सटकलो थोडा, तुमच्या अक्काला सांगू नका. दुसरं करून द्या. तुमचा प्रेस जालन्याला गेला तर मी काय काठी टेकत जालन्याला येऊ?"

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी एका रबरासाठी प्रेस तापवला. याहून वेडगळ धंदा कोणी केला नसेल. साच्यात एका वेळी अनेक रबरं निघतात. एक दादांना दिलं, उरलेल्यांचं काय करायचं म्हणून उस्मानपुऱ्यातल्या औषधांच्या दुकानात ठेवली. ती संपली. दुकानदाराने वॉकरच्या पायांची मागितली, मग अंघोळीच्या स्टुलाची. तेवढ्याने काही कोणी श्रीमंत होत नाही, पण प्रेस आता गार पडत नाही आणि दोघेही कामगार टिकून आहेत. जालन्याच्या माणसाला मी तेव्हाच फोन करून प्रेस विकायचा नाही असं कळवलं, त्याला फेरीचा त्रास झाला असेल म्हणून तीनदा माफी मागितली. तो म्हणाला, "अहो, मी अजून निघालोच नव्हतो."

यंदा खंडेनवमीला दादा वाळूजला आले नाहीत. गुडघ्यांनी साफ नकार दिला. म्हणून आमची अख्खी ओळच प्रसाद घेऊन त्यांच्याकडे गेली. अंगणात खुर्चीवर ते पांढराशुभ्र सदरा घालून बसले होते, काठी मांडीवर. येणाऱ्या प्रत्येकाचा पेढा ते गंभीरपणे घेत होते आणि रशीदभाईंकडे बघून डोळे बारीक करत होते. माझी पाळी आली. मी त्यांच्या हातावर बुंदी ठेवली. वर्ष तेवढंच झालं होतं, आणि खोटं बोलायची माझ्यात पुन्हा हिंमत नव्हती. दादांनी बुंदीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "खरी?" त्यांनी विचारलं. मी मान डोलावली. त्यांचा चेहरा असा फुलला की मला त्या भुवया कोरलेल्या दिवसांची आठवण झाली. खुर्चीच्या हातावर जोर देत ते उभे राहिले, घसा साफ केला आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाले, "ऐका! यंदा बुंदीचं वर्ष!" कोणी हसलं नाही.

सगळे गेल्यावर दादा कोपऱ्यात झाकून ठेवलेल्या स्कूटरकडे बघत राहिले. "पाव्हणं, बिडकीनकडं म्हणं दोन कंपन्या लागायल्या. पुढच्या हप्त्यात चक्कर मारू." आतून अक्का चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "काही चक्कर-बिक्कर नाही. डॉक्टरांनी सांगितलंय, यांचं हिंडणं आता रद्द."

दादांनी फक्त माझ्याकडे पाहिलं. घाटात गाडी अडकल्यावर स्टँडवरचे प्रवासी त्यांच्याकडे जसे बघत असतील, तसं. मला खोटं बोलता येत नाही, हे त्यांना माहीत आहे. मी चहाचा कप त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "रद्द नाही अक्का. लेट आहे."